‘ठीक आहे’ची संमती : संगणकीय इशाऱ्यांच्या मराठीची चिकित्सा
(विशेष संदर्भ : कुरुळी-चाकण औद्योगिक पट्टा)

प्रास्ताविक

संगणक आणि मराठी या विषयावरील लेखन आजवर प्रामुख्याने दोन दिशांनी झालेले दिसते. पहिली दिशा लिपीची. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने केलेले भारतीय लिप्यांचे काम, १९९१ चे ‘इस्की’ मानक, त्यानंतरचे युनिकोड, आणि मधल्या काळात प्रत्येक छापखान्याचा व प्रत्येक कार्यालयाचा वेगळा टंक असल्यामुळे झालेला गोंधळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी दिशा परिभाषेची. अमुक इंग्रजी शब्दाला कोणता मराठी प्रतिशब्द असावा, तो संस्कृतोद्भव असावा की रुळलेला इंग्रजी शब्दच स्वीकारावा, हा वाद राजव्यवहारकोशापासून भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत आणि तेथून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत चालत आला असून संगणकाच्या निमित्ताने तो पुन्हा एकदा झाला, इतकेच.

या दोन्ही दिशांनी एक गोष्ट नजरेआड राहिली. संगणक हा केवळ लिहिण्याचे साधन नसून तो स्वतःही माणसाशी बोलतो. त्याच्या बोलण्याचे काही ठरीव प्रकार आहेत : सूचना, विचारणा, नकार आणि इशारा. यांपैकी इशारा हा सर्वांत लहान आणि सर्वांत जोखमीचा लेखनप्रकार होय. एक-दोन वाक्ये, खाली दोन बटने, आणि वाचणाऱ्याच्या हातात काही क्षण. कथा-कवितेच्या चिकित्सेसाठी जी साधने समीक्षा वापरते, म्हणजे निवेदक कोण, संबोधन कोणाला, प्रयोग कोणता, शब्दांना कोणती पूर्वस्मृती चिकटलेली आहे, तीच साधने या लेखनप्रकाराला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ज्या मजकुराच्या वाचनावर यंत्र चालू राहणे वा बंद पडणे अवलंबून असते, तो समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण दिसत नाही.

कुरुळी आणि तेथील संहिता

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे जाताना लागणारे कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव. एका अंगाला आळंदी, पुढे चाकण, पलीकडे निघोजे आणि महाळुंगे. चाकणच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या यांनी हा परिसर भरलेला आहे. येथील सॉफ्टवेअर विकसक म्हटला की हिंजवडीतील काचेच्या इमारतीत बसलेला अभियंता डोळ्यांसमोर आणू नये. तो बहुधा प्रेस शॉपमध्ये किंवा असेंब्ली लाइनच्या कडेला, पॅनलच्या उघड्या दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो. यंत्राचा पीएलसी, त्यावरचा स्पर्शपडदा, उत्पादनाचा हिशेब ठेवणारा संगणक आणि कार्यालयातील ईआरपी यांना एकमेकांशी बोलते करणे हे त्याचे काम. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज शेजारी नांदतात. यंत्राच्या संगणकावर मात्र कितीतरी जुनी विंडोज असते, कारण यंत्र पंधरा-वीस वर्षे टिकते आणि ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी टिकत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्राला या तारखा ठाऊक नसतात. ते भाग पाडत राहते.

भाषेच्या दृष्टीने या विकसकाची स्थिती लक्षणीय आहे. तो आज्ञावली इंग्रजीत लिहितो, तिच्यावर सहकाऱ्याशी मराठीत वाद घालतो, आणि पडद्यावर दिसणारा मजकूर अशा माणसासाठी तयार करतो जो इंग्रजी अक्षरे ओळखतो पण इंग्रजी वाक्य समजून घेईलच असे नाही. म्हणजे तो लेखक आहे, अनुवादक आहे आणि प्रकाशकही आहे. फक्त त्याला तसे कोणी म्हणत नाही. त्याच्या हातून रोज जे लेखन होते त्याचे वाचक एखाद्या मराठी कवितासंग्रहाच्या वाचकांहून संख्येने अधिक असावेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘ठीक आहे’, ‘आपण’ आणि कर्त्याचा लोप

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. मराठी पडद्यावरील इशाऱ्याच्या खाली सर्वाधिक आढळणारे बटन ‘ठीक आहे’ हे होय. इंग्रजी ‘ओके’चा तो सरळ प्रतिशब्द. परंतु मराठी संभाषणात ‘ठीक आहे’ हे शब्द काय करतात? ते बोलणे संपवतात. भाव जमला नाही तरी गिऱ्हाईक म्हणते, ‘बरं, ठीक आहे.’ रजा नाकारली गेली की कामगार म्हणतो, ‘ठीक आहे साहेब.’ त्यात संमतीपेक्षा निरुपाय अधिक असतो, आणि ‘आता पुढे बोलायला नको’ हा भाव तर असतोच. धोक्याच्या इशाऱ्याखाली हे शब्द ठेवले की वाचणाऱ्याला आपोआप एक भूमिका मिळते : ऐकून घेण्याची आणि विषय मिटवण्याची. ज्या क्षणी वाचकाने थांबून विचार करावा अशी अपेक्षा असते, त्या क्षणी भाषा त्याच्या हाती विचार थांबवण्याचा शब्द देते. इंग्रजी ‘ओके’ कारखान्यात निराळ्या अर्थाने रुळलेला आहे. तपासणीतून पास झालेला भाग म्हणजे ‘ओके पार्ट’, नापास तो ‘रिजेक्शन’. तेव्हा ज्याच्या कानावर दिवसभर ‘ओके’ हा गुणवत्तेचा निर्वाळा म्हणून पडतो, त्याला इशाऱ्याखालचे ‘ओके’ दाबताना ‘सगळे बरोबर आहे’ असेच वाटले, तर त्यात त्याचा दोष मानता येणार नाही.

दुसरी बाब सर्वनामाची. ‘आपण ही फाइल हटवू इच्छिता?’ या घाटाची वाक्ये मराठी पडद्यांवर सर्रास येतात. ‘इच्छिता’ हे क्रियापद बोलण्यातून जवळजवळ नाहीसे झाले आहे, हे तर उघडच आहे. अधिक महत्त्वाचा आहे तो ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो आणि ‘आपण’मध्ये असतो. हाच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही वापरला जातो. छापील निमंत्रणपत्रिकेत त्याने घोटाळा होत नाही, कारण सोबतचा संदर्भ अर्थ निश्चित करतो. एकाकी वाक्यात मात्र निर्णय कोणाचा, यंत्राचा आणि माझा मिळून की माझ्या एकट्याचा, हे धूसर होते. शॉप फ्लोअरवर ‘आपलं मशीन’, ‘आपली लाइन’ हे समावेशक आपलेपण रोजच्या बोलण्यात मुरलेले असल्यामुळे ही धूसरता तेथे अधिकच वाढते. ‘तुमचा पासवर्ड कोणालाही सांगू नका’ हे वाक्य कार्यालयात अर्थपूर्ण आहे. एकच यंत्र तीन पाळ्यांत तीन माणसे चालवतात आणि लॉगिन एकच असते, तेथे ‘तुमचा’ म्हणजे कोणाचा? पासवर्ड कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला आढळतो, तो केवळ बेफिकिरीमुळे नव्हे. ज्या वस्तूची मालकी सामायिक आहे तिला खाजगी ठेवण्याची आज्ञा व्यवहारात निरर्थक ठरते, त्याचा तो पुरावा होय.

तिसरी बाब प्रयोगाची. ‘प्रवेश नाकारला’, ‘विनंती अवैध ठरवली गेली’, ‘त्रुटी आढळली’ ही सर्व कर्ताहीन वाक्ये आहेत. कोणी नाकारला, कोणाला आढळली, याचा पत्ता नाही. शासकीय पत्रव्यवहारातील ‘कळविण्यात येते की’ या शैलीचे हे संगणकीय वंशज. शासकीय पत्रात कर्ता लपवण्यामागे निदान जबाबदारी टाळण्याचा हेतू असतो. संगणकाला तसा हेतू नसतानाही त्याने ही शैली उचलली, कारण अनुवादकाला ‘औपचारिक मराठी’ म्हणजे हीच मराठी असे शिकवले गेले होते. परिणाम असा की इशारा वाचून ‘कोणाला बोलवू?’ या एकमेव उपयुक्त प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

‘सुरक्षा’ या शब्दाची अडचण

कुरुळीतील कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत जाताना दोन शब्द भेटतात. फाटकावर गणवेशातील ‘सिक्युरिटी’, जी नोंदवही पुढे करते आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावते. आत भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’, ज्याचा अर्थ हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि सेफ्टी शूज. इंग्रजीत हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीने ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला, आणि त्यातील शरीराच्या रक्षणाचा अर्थ भिंतीने घेतला, दाराच्या रक्षणाचा अर्थ इंग्रजी रूपात फाटकाने घेतला. संगणकाच्या वाट्याला उरलेला ‘सुरक्षा’ शब्द म्हणूनच पोकळ वाजतो. ‘सुरक्षा अद्यतन उपलब्ध आहे’ असे पडद्यावर आले, तर वाचणाऱ्याच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही.

भिंतीवरच्या मराठीची मात्र प्रशंसा केली पाहिजे. ‘काम चालू आहे. स्विच चालू करू नये’ असा फलक दुरुस्तीच्या वेळी कुलूप लावलेल्या स्विचला टांगलेला असतो. चार शब्दांत एक आज्ञा, कारण आधी आणि मनाई नंतर. त्या स्विचच्या पलीकडे माणसाचा हात आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. या मराठीमागे कायद्याचे पाठबळही होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ मध्ये अशी तरतूद होती की कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. तो अधिनियम सात दशकांहून अधिक काळ लागू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने त्याची जागा घेतली. १९४८ च्या कायद्याला भिंत दिसत होती, पडदा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे एकाच यंत्राच्या अंगावरील पत्र्याचा फलक मराठीत आणि त्याच यंत्राच्या पडद्यावरील इशारा इंग्रजीत, ही विसंगती नियमाला धरूनच निर्माण झाली.

कोशाची मराठी आणि शॉप फ्लोअरची मराठी

‘पासवर्ड’ या एका शब्दासाठी संकेतशब्द, गुप्तशब्द, कूटशब्द आणि परवलीचा शब्द असे पर्याय वेगवेगळ्या ठिकाणी छापले गेले. मराठी विकिपीडियाने ‘परवलीचा शब्द’ स्वीकारला, आणि या सर्वांत तो निःसंशय सरस आहे. पहाऱ्याच्या, छावणीच्या, रात्रीच्या हुकुमाच्या स्मृती त्यात आहेत. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या मुलखात, जेथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने दाद दिली नाही, तेथे तर हा शब्द परका वाटू नये. (तो किल्लाही अखेर दरवाजातून पडला नाही. बुरुजाखाली सुरुंग लावून तो घेतला गेला. संगणकीय सुरक्षेच्या अध्यापकांना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.) तरीही ‘परवलीचा शब्द’ शॉप फ्लोअरवर रुजला नाही. याचे कारण शब्दाच्या गुणात नसून प्रसंगात शोधावे लागते. सावरकरांच्या चळवळीतून आलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजले, कारण छापील अर्जावर आणि नगरपालिकेच्या पाटीवर ते रोज, अपरिहार्यपणे समोर येत राहिले. पासवर्ड विचारणारा पडदा इंग्रजीच राहिला. मग प्रतिशब्द कोशात सुखरूप राहिला.

दरम्यान बोलणाऱ्यांनी आपली सोय आपणच करून घेतली. नामे इंग्रजी घेतली आणि क्रियापदे मराठी ठेवली. विंडोज ‘टाकतात’, फॉरमॅट ‘मारतात’, अपडेटही ‘मारतात’. फाइल ‘उडते’, आणि संगणक सुरूच होईनासा झाला की ‘विंडोज उडाली’ असे म्हणतात. सर्व्हर ‘बसतो’, यंत्र ‘हँग होते’, व्हायरस ‘घुसतो’. या क्रियापदांकडे शिष्ट मराठी तुच्छतेने पाहते. पण त्यांची निवड यादृच्छिक नाही. ‘बसणे’ हे थकलेल्या बैलाचे आणि खचलेल्या भिंतीचे क्रियापद आहे, त्यात पुन्हा उठण्याची शक्यता असते. ‘उडणे’मध्ये ती नसते, रंग उडतो, झोप उडते, दिव्याची फ्यूज उडते. तात्पुरता आणि कायमचा बिघाड यांतील भेद या दोन क्रियापदांनी नेमका पकडला आहे, जो ‘त्रुटी आढळली’ या कोशशुद्ध वाक्याला पकडता येत नाही. ‘बायपास करणे’ हेही असेच एक क्रियापद. संरक्षक दाराचा सेन्सर सारखा लाइन थांबवत असेल तर तो बायपास केला जातो. अँटीव्हायरसमुळे यंत्राचा संगणक मंद होत असेल तर तोही. एकच शब्द दोन्हीकडे लागतो, यावरून एक निदान निघते : कामगाराच्या दृष्टीने शरीराची आणि संगणकाची सुरक्षा यांत मुळीच फरक नाही, दोन्ही उत्पादनाच्या आड येणाऱ्या गोष्टी आहेत. परिभाषाकारांना जे ऐक्य साधता आले नाही ते येथे आपोआप साधलेले आहे, फक्त उलट्या दिशेने.

खंडणीची चिठ्ठी : एक पाठचिकित्सा

भाषेचा हा प्रश्न केवळ शैलीचा आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. म्हणून २०१७ सालाकडे जाणे आवश्यक आहे. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याने वापरलेली विंडोजमधील फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. बाधित संगणकांतील बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, ती कोणी ‘मारली’ नव्हती. चेन्नईजवळील रेनॉ-निसानच्या वाहन कारखान्याला त्याची झळ पोचली. चाकणसारख्याच धाटणीच्या औद्योगिक पट्ट्यातील ही घटना होती.

वॉनाक्रायची खंडणीची चिठ्ठी ही मोठी बोधप्रद संहिता आहे. ती २८ भाषांत वाचता येत असे. फ्लॅशपॉइंट या संस्थेच्या भाषातज्ज्ञांनी मे २०१७ मध्येच तिची चिकित्सा प्रसिद्ध केली. पद्धत आपल्याला परिचित आहे : हस्तलिखिताच्या प्रती एकमेकींशी ताडून मूळ प्रत कोणती हे ठरवणे. निष्कर्ष असा निघाला की चिनी पाठ हे त्या भाषेवर प्रभुत्व असणाऱ्याने लिहिलेले असावेत. इंग्रजी पाठ माणसानेच लिहिलेला, पण व्याकरणाची एक ठळक चूक असलेला. आणि उरलेल्या बहुतेक सर्व भाषांतील पाठ त्या इंग्रजीवरून यंत्रानुवादाने काढलेले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने या हल्ल्याचा आरोप उत्तर कोरियावर जाहीरपणे ठेवला. म्हणजे पाठचिकित्सेने लेखकाची भाषा सुचवली तरी तेवढ्याने लेखक सिद्ध होत नाही, ही मर्यादाही येथे दिसते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर काम केलेल्यांना ती नवीन नाही.

मराठीच्या अभ्यासकाला खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या २८ भाषांत बल्गेरियन होती, लाट्वियन होती, फिलिपिनो होती. एकही भारतीय भाषा नव्हती. खंडणी मागणाऱ्याला पैसे हवे असतात. आपले म्हणणे समोरच्याला कळावे यात त्याचा रोकडा स्वार्थ असतो. अशा लेखकानेही हिंदी-मराठीला वाचकच गृहीत धरले नाही, याचा अर्थ त्याच्या हिशेबाने भारतात संगणकासमोर बसणारा माणूस इंग्रजी वाचणारा होता. हाच हिशेब यंत्र बनवणाऱ्यांनी केला, ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी बराच काळ केला, आणि कुरुळीत बसून पडदा रचणारा विकसकही बहुधा तोच करतो.

त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरले आणि मर्स्क या जहाजकंपनीमार्फत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलपर्यंत पोचले. चाकणच्या निर्यातीचा कंटेनर ज्या बंदरातून निघतो, तेथेच काम खोळंबले. या घटनेने इशाऱ्याच्या भाषेपुढे एक अवघड प्रश्न उभा केला. मे महिन्याचा धडा होता ‘अपडेट करा’, आणि जूनमध्ये अपडेटच वाहक ठरले. ‘अद्ययावत करा’ या दोन शब्दांच्या आज्ञेत ‘कोणाकडून आलेले’ याला जागाच नाही. मराठीत पूर्वापार प्रश्न आहे तो ‘कोणाकडून आलास?’ हाच, दारात आलेल्या माणसाची ओळख त्याच्या नावाआधी त्याच्या पाठवणाऱ्यावरून होते. इशाऱ्याच्या मराठीने ही सवय उचलली असती तर बरे झाले असते.

आणखी मागे, २०१० मध्ये उघडकीस आलेले ‘स्टक्सनेट’ तर समीक्षकाला थेट निवेदनशास्त्रात नेते. विंडोज संगणकांतून सीमेन्सच्या पीएलसीपर्यंत पोचलेल्या या प्रोग्रॅमने इराणमधील सेंट्रिफ्यूज बिघडवले, आणि ते करत असताना आधी टिपून ठेवलेली सुरळीत स्थितीची आकडेवारीच नियंत्रकांपुढे पुन्हा पुन्हा खेळवली. पडदा हा अविश्वसनीय निवेदक ठरला. कादंबरीतील असा निवेदक ओळखायला विद्यार्थ्याला शिकवले जाते. पडद्यावर ‘सर्व ठीक’ असताना यंत्राचा आवाज बदलला आहे, हे मात्र आवाजावरून यंत्र ओळखणारा जुना ऑपरेटरच ओळखतो. त्याच्या या ज्ञानाला नोंद करण्याची भाषा आणि जागा पडद्याने दिलेली नसते.

वाचक कोण?

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की या पट्ट्यातील कामगार आता केवळ मराठी उरलेला नाही. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले पुष्कळ आहेत, तेव्हा इंग्रजीच सर्वांना समान. समान अडचणीची, एवढेच यातून सिद्ध होते. शिवाय ‘धोका’ हा शब्द पाहावा. मराठी वाचकाला तो संकट सांगतो, हिंदीच्या कानाला तो ‘धोखा’, म्हणजे फसवणूक, असा ऐकू येतो. देवनागरी एक असल्याने भागेल असे समजणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे ठरावे. प्रत्येक भाषेत वेगळे लिहावे लागेल, आणि ते करण्याची सोय साधनांत आहे. दुसरे उत्तर असे की निर्णय कामगाराने घ्यायचाच नाही, तो आयटी विभागाने घ्यायचा. पण इशारा आयटी विभागाला दिसत नाही, रात्रपाळीतील माणसाला दिसतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. सहा तास म्हणजे एका पाळीहूनही कमी. रात्री एक वाजता पडद्यावर काय लिहून आले हे ज्याने पाहिले, त्याला ते वाचता आले नाही आणि त्याने ‘ओके’ दाबून पुढे काम चालू ठेवले, तर सकाळच्या पाळीच्या हाती फार काही उरत नाही.

लोकांना समजेल अशी सुरक्षेची मराठी लिहिताच येत नाही, असेही नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य आज गावोगाव पाठ आहे. त्यात इंग्रजी संक्षेप आहे, पण क्रिया ‘सांगणे’ ही माणसाची आणि तोंडाची आहे. ‘सामायिक करू नये’ असे लिहिले असते तर ते पाठ झाले नसते.

मराठी साहित्याकडून या बाबतीत मदत झालेली नाही, हे नोंदवले पाहिजे. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराची बोली कवितेच्या मध्यभागी आणून बसवली, आणि त्यानंतर ती भाषा ‘साहित्याबाहेरची’ राहिली नाही. संगणकाच्या वाट्याला असे भाग्य आलेले दिसत नाही. नंदा खरे यांची ‘उद्या’ ही कादंबरी पाळतीच्या आणि माहितीच्या सत्तेचा गंभीर विचार करते. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला, खरे यांनी तो नाकारला. परंतु एकूण मराठी लेखनात संगणक येतो तो बहुधा जागतिकीकरणाचे चिन्ह म्हणून. हत्यार म्हणून, रोज हाताळायची, बिघडणारी, चिडवणारी आणि दुरुस्त होणारी वस्तू म्हणून तो क्वचित येतो. चिन्हाला इशारे देता येत नाहीत.

विकसकाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. मराठी लिहायचे त्याने ठरवले तरी साधने त्याला सहजी साथ देत नाहीत. आळंदीच्या परिसरात ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव सर्वपरिचित आहे. त्यातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन निराळी आडनावे वाटतात. हजेरीच्या प्रणालीत एका पद्धतीने नोंदलेला माणूस दुसऱ्या कळफलकावरून शोधला की सापडत नाही. असा एखादा अनुभव आला की विकसक पुन्हा रोमन अक्षरांकडे वळतो, आणि त्याला दोष देणे अवघड आहे. हा दोष निस्तरण्याचे, म्हणजे साठवण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणण्याचे, काम तसे काही ओळींचे आहे. पण ते करायचे हे ठाऊक असण्यासाठी ‘ऱ्ह’ आणि ‘र्ह’ यांतील फरक मराठीच्या वर्गात कोणीतरी शिकवलेला असावा लागतो.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टलसारख्या साधनात यंत्राच्या पडद्यावरील सर्व मजकूर एक्सेलच्या तक्त्यात बाहेर काढता येतो. प्रत्येक संदेशाची एक ओळ, प्रत्येक भाषेचा एक स्तंभ. तक्ता भरून परत आत घेतला की यंत्र त्या भाषेत बोलू लागते. इंग्रजीचा स्तंभ यंत्राबरोबर भरून येतो. शेजारचा स्तंभ रिकामा असेल, तर तो भरताना ‘ठीक आहे’च्या जागी ‘वाचले’ आणि ‘सुपरवायझरला बोलवा’ अशी दोन बटने ठेवायला कोणत्याही परवान्याची गरज पडत नाही. फक्त दुसरे बटन लांबीला मोठे होते, आणि पडद्यावर त्यासाठी जागा करावी लागते.